खेळाचे गायरान आणि कुंपणाचे मालक

खेळ हा राजकीय विचाराचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांना पडेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न दारात उभे असताना पट आणि फासे यांवर एक पान खर्ची घालावे, ही त्यांना चैन वाटेल. परंतु मालमत्ता कशी निर्माण होते, ती कोणाच्या श्रमातून वाढते आणि अखेर कोणाच्या हाती जाते, हे ज्या क्षेत्रात उघड्या डोळ्यांना दिसते त्याकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने पाठ फिरवू नये. पटावरचे खेळ आणि भूमिका घेऊन खेळावयाचे खेळ हे असे एक क्षेत्र आहे. जगभरचे लक्षावधी तरुण आज त्यात रमले आहेत आणि तेथे २०२३ साली जे घडले त्यातून आपल्याला शिकण्यासारखे बरेच आहे.

गायरान म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. जमीन कोणा एकाची नाही, चराई मात्र सर्वांची. तिला कोणी कुंपण घातले की ज्याच्याकडे दोनच शेळ्या आहेत त्याच्या चुलीवर त्याच दिवशी परिणाम होतो. इंग्लंडात अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून गावोगावची सामाईक कुरणे अशीच कुंपणाआड घातली. खेळाचे नियमही मुळात सामाईक असतात. विटीदांडूचा किंवा सागरगोट्यांचा कोणी मालक नाही. प्रत्येक आळीने आपापले नियम घातले, वाढविले, बदलले. शिवाय गवत चरून संपते, नियम खेळून संपत नाहीत. उलट जितके लोक खेळतात तितका खेळ समृद्ध होतो. म्हणून येथे कुंपणाचे समर्थन अधिकच दुबळे ठरते.

तरीही कुंपण पडते. शहरे विकत घेऊन भाडे वसूल करण्याचा जो खेळ आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने घराघरांत खेळला गेला, त्याचा मूळ नमुना म्हणजे अमेरिकेतील ‘मोनॉपॉली’. या मक्तेदारीच्या खेळाचा उगम मक्तेदारीच्या विरोधात आहे. एलिझाबेथ मॅगी ही हेन्री जॉर्ज यांच्या विचारांची अनुयायी. जमिनीचे मूल्य समाजाच्या वाढीमुळे वाढते, सबब त्यावरचा खंड समाजाला कररूपाने मिळावा, हा जॉर्ज यांचा सिद्धांत लोकांना खेळता-खेळता कळावा म्हणून तिने ‘लँडलॉर्ड्स गेम’ रचला व १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. पुढे तीस वर्षे तो खेळ हातोहात फिरला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे समाजवादी विचारवंत स्कॉट नियरिंग यांनी तो विद्यार्थ्यांना शिकविला. गावोगावच्या लोकांनी हाताने पट रंगवून त्यावर आपल्या गावातील रस्त्यांची नावे घातली. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने चार्ल्स डॅरो या गृहस्थाकडून तो विकत घेतला. डॅरो श्रीमंत झाला, मॅगीला तिच्या पेटंटपोटी अवघे ५०० डॉलर मिळाले. राल्फ अॅन्स्पाख या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने १९७३ साली ‘अँटी-मोनॉपॉली’ नावाचा खेळ काढला. त्यावरून जो दीर्घ कज्जा चालला, त्याच्या ओघात हा इतिहास उजेडात आला.

पार्कर ब्रदर्स १९९१ साली हॅसब्रो या कंपनीकडे गेली. येथून पुढची कथा याच हॅसब्रोची आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. तो समजण्यास भातुकली आठवावी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा चालवितो, बाकीचे त्या कथेतील पात्रे होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. प्रसंग उभा राहिला की खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतो आणि वीस बाजूंचा फासा त्याचे यशापयश ठरवितो. जिंकणे-हरणे नाही, सर्वांनी मिळून एक गोष्ट रचणे, हाच खेळ.

येथे मूल्य निर्माण कोण करतो? कंपनी नियमांचे पुस्तक छापते, हे खरे. त्यामागे लेखकांचे व चित्रकारांचे श्रम आहेत, हेही खरे. परंतु पुस्तक फडताळात पडून राहिले तर त्याला रद्दीची किंमत. त्यात प्राण ओततात ते टेबलाभोवतीचे खेळाडू. त्यांनी पन्नास वर्षे रचलेल्या कथा, काढलेले नकाशे, घातलेले पोटनियम यांतून या नावाला आजची किंमत आली आहे. मॅगीने जमिनीविषयी जे सांगितले, तेच येथे लागू पडते: वाढ समाजाने केली, खंड मालकाने घेतला.

हा मालकही मूळ निर्माता राहिला नाही. आर्नेसनना आपल्या मानधनासाठी १९७९ साली न्यायालयात जावे लागले. गायगॅक्स यांच्या हातून त्यांनीच उभारलेल्या कंपनीचा ताबा १९८५ साली गेला. ती कंपनी १९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्टने घेतली आणि १९९९ साली विझार्ड्सला हॅसब्रोने गिळले. निर्मात्याला मोबदला मिळावा म्हणून मालकी हक्क हवेत, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. लेखकाचे पोट कल्पनेवर भरत नाही. पण हक्क हा विक्रीयोग्य माल झाला की तो निर्मात्याकडे किती दिवस टिकतो, हे या तपशिलावरून दिसावे.

२००० साली विझार्ड्सने एक खुला परवाना जाहीर केला. त्यान्वये कोणीही या खेळाच्या गाभ्याच्या नियमांवर आधारून आपली पुस्तके लिहावी व विकावी. हा दानधर्म नव्हता. दुसऱ्यांनी साहसकथा लिहिल्या की मूळ नियमांचे पुस्तक अधिक खपेल, असा तो हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. या परवान्याच्या भरवशावर शेकडो लहान प्रकाशकांनी आपले संसार उभे केले.

डिसेंबर २०२२ मध्ये विझार्ड्सच्या प्रमुखांनी भागधारकांपुढे सांगितले की, या नावातून मिळावी तितकी कमाई मिळत नाही. कथा चालविणारे सुमारे २० टक्के खेळाडूच मोठा खर्च करतात, बाकीच्यांकडून अद्याप बरेच काही मिळविता येईल. जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात नव्या परवान्याचा मसुदा बाहेर फुटला. जुना परवाना यापुढे अधिकृत नाही. वर्षाला साडेसात लाख डॉलरांहून अधिक विक्री करणाऱ्याने वरच्या रकमेचा २५ टक्के हिस्सा द्यावा. आणि इतरांनी लिहिलेले साहित्य कंपनीला विनामूल्य, कायमचे वापरता यावे, अशी त्यातील कलमे होती. नफ्यावर नव्हे, विक्रीवर २५ टक्के! ज्या धंद्यात कागद, छपाई व टपाल यांतच बहुतेक पैसा जातो, तेथे ही मागणी म्हणजे गळ्याला फास होता.

यानंतर जे घडले ते कंपनीच्या हिशेबात नव्हते. हजारो खेळाडूंनी कंपनीच्या संकेतस्थळाची वर्गणी बंद केली. पत्रकांवर सह्या झाल्या. प्रतिस्पर्धी प्रकाशकांनी एकत्र येऊन स्वतःचा खुला परवाना घडविण्याची घोषणा केली. कंपनीने सुधारित मसुद्यावर मते मागविली. १५ हजारांवर उत्तरे आली आणि त्यांतील ८९ टक्के जुना परवाना रद्द करण्याच्या विरोधात होती. २७ जानेवारी रोजी कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला. इतकेच नव्हे, तर गाभ्याचे नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या सार्वजनिक परवान्याखाली खुले केले गेले. तो परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. १९३५ साली जे गायरान लाटले गेले, तसलेच दुसरे २०२३ साली वाचले. फरक इतकाच की, या वेळी चरणाऱ्यांना आपण सामाईक जमिनीवर आहोत याचे भान होते.

येथे थांबलो तर ही विजयगाथा होईल. परंतु त्याच वर्षाचा शेवट पाहिला पाहिजे. मार्चमध्ये या खेळावरचा चित्रपट आला, ऑगस्टमध्ये त्यावर आधारलेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणक-खेळ विलक्षण गाजला. हॅसब्रोचा खेळण्यांचा धंदा बसला होता, विझार्ड्सचा विभाग मात्र वाढत होता. आणि डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, हॅसब्रोने सुमारे १,१०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. वर्षाच्या आरंभापासून सुमारे ८०० नोकऱ्या आधीच गेल्या होत्या. वाढत्या विभागातले, याच खेळावर काम केलेले लोकही त्यात होते. खेळाडू हळहळले, संतापले. पण गेलेली नोकरी परत आली नाही.

असे का व्हावे? जानेवारीत खेळाडूंची स्वतःची चराई धोक्यात होती. डिसेंबरात दुसऱ्यांची भाकरी गेली. ग्राहकाचा बहिष्कार हे शस्त्र खरे आहे, पण ते ग्राहकाच्या हिताइतकेच लांब पोचते. कामगाराच्या हिताला कामगाराचीच संघटना लागते. याचा पुरावाही याच धंद्यात आहे. पायझो या प्रतिस्पर्धी कंपनीतील कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये युनियन स्थापली. तेथे कंत्राटावर लिहिणाऱ्या लेखकांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी लेखणी खाली ठेवली आणि मान्यता ही मागणी पुढे केली. आठवड्याभरात कंपनीने युनियनला मान्यता दिली. कायम नोकर व कंत्राटी लेखक यांच्यातली भिंत पडली, तेव्हाच हे शक्य झाले. आपल्या कारखान्यांतून ही भिंत किती वर्षे उभी आहे, हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

तात्पर्य सरळ आहे. ज्यांना आपण ‘खेळात वेळ घालविणारी पोरे’ म्हणतो, त्यांनी सामाईक मालमत्तेचे तत्त्व कोणत्याही शिबिराविना ओळखले आणि एका बड्या कंपनीला तीन आठवड्यांत नमविले. त्यांना उपदेश करण्याऐवजी त्यांच्याशी बोलणे सुरू करावे. जे नियम तुम्ही वाचविले ते लिहिणाऱ्यांचे काय झाले, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारावा. त्याच्या उत्तरातून ज्या गोष्टी निघतील त्या आपण अर्धशतक पुस्तकांतून सांगत आलो आहोत.