सक्ती तर आहेच; मोजमाप कुठे आहे?

रायपूरच्या बूढापारा भागात, तलावापासून हाकेच्या अंतरावर, आमचे जुने घर आहे. मागील सुटीत तेथे गेले असता अकरावीत शिकणाऱ्या भाचीने मला आपला प्रस्ताव वाचून दाखवला. शहराची हवा सुधारायची असेल, तर प्रत्येक वाहनाची उत्सर्जन तपासणी कायद्याने सक्तीची करावी, असे तिचे म्हणणे होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याला बक्षीसही मिळाले होते. मात्र ही सक्ती तिच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात आहे, हे एकाही परीक्षकाने तिला सांगितले नव्हते.

हा दोष मुलीचा नव्हे. ज्या स्कूटरवर बसून ती शाळेत जाते, तिच्या डिकीत पीयूसीचे प्रमाणपत्र घडी घालून ठेवलेले असते. एवढे असूनही एका चौकस मुलीला हा कायदा नव्याने सुचवावासा वाटला. त्या कायद्यावर याहून कठोर अभिप्राय कोणता असू शकतो?

वस्तुस्थिती अशी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार वाहन एक वर्षाचे झाले की प्रदूषण नियंत्रणाचे वैध प्रमाणपत्र बाळगणे बंधनकारक ठरते. बीएस-४ व त्यापुढील वाहनांची तपासणी वर्षाला, तर त्याहून जुन्या वाहनांची सहा महिन्यांनी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कसूर करणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र वाहनविम्याशी जोडले. २०२४ मध्ये ती अट मागे घेतली. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत प्रमाणपत्राविना इंधन न देण्याचा निर्णय झाला. हवा बिघडली की आपण सक्तीवर सक्तीचा आणखी एक थर चढवतो. ती तपासणी नेमके काय मोजते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

पेट्रोल वाहन जागच्या जागी, भाररहित अवस्थेत चालू ठेवून त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे प्रमाण पाहिले जाते. डिझेल वाहनाचे इंजिन जागेवरच एकदम वेगात फिरवून धुराची अपारदर्शकता, म्हणजे धूर किती प्रकाश अडवतो, ते मोजतात. तपासणी येथेच संपते. नायट्रोजनची ऑक्साइडे मुख्यतः इंजिनावर भार असताना, ज्वलनाचे तापमान चढले म्हणजे तयार होतात. उभ्या गाडीत त्यांचा शोध घेणे म्हणजे झोपलेल्या माणसाची धावण्याची परीक्षा घेणे होय. तशी ती घेतलीही जात नाही. त्यांच्यासाठी प्रमाणपत्रावर रकानाच नाही.

कणांच्या बाबतीत अडचण अधिक मूलभूत आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असलेल्या कणाकडून होणारे प्रकाशाचे विखुरणे त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने घटते, तर शोषण तिसऱ्या घाताने. व्यास निम्मा झाला की विखुरणे चौसष्टपटीने आणि शोषण आठपटीने कमी होते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या कणांत संख्येने सर्वाधिक असतात ते शंभर नॅनोमीटरहून लहान कण. फुप्फुसांत खोलवर पोहोचणारे हेच. आणि धूरमापकाला जवळपास न दिसणारेही हेच. डोळ्यांना धूर दिसत नाही म्हणून गाडी स्वच्छ, असे आपले यंत्र मानते.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात रायपूरचा समावेश झाला तो हवेतील कणांच्या मोजमापावरून. शहराची परीक्षा कणांवर घ्यायची आणि वाहनाची कण न मोजता, ही विसंगती आपण निमूटपणे स्वीकारली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींना कणगाळणी आली. ती गाळणी फुटली अथवा कोणी काढून टाकली, तरी धूरमापकाच्या चाचणीत गाडी उत्तीर्ण होऊ शकते. नेमक्या याच कारणासाठी जर्मनीने १ जुलै २०२३ पासून युरो-६ डिझेल वाहनांच्या नियमित तपासणीत कणांची प्रत्यक्ष गणना सुरू केली. मर्यादा दर घन सेंटिमीटरला २,५०,००० कण.

जे मोजतो, ते तरी प्रामाणिकपणे मोजतो काय? २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मर्यादा ओलांडणाऱ्या एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेली होती. एका केंद्रावर माझ्याच स्कूटरच्या पाटीचे छायाचित्र घेऊन कागद माझ्या हाती देण्यात आला; नळी सायलेन्सरपर्यंत पोहोचलीच नाही. मीही तो कागद मुकाट्याने घेतला, हे येथे नोंदवले पाहिजे.

काही मंडळी म्हणतील, रायपूरची काजळी उरला-सिलतरा येथील कारखान्यांची आहे. वाहनांच्या मागे कशाला लागता? कारखान्यांना मोकळे सोडा, असे मी म्हणत नाही. पण कारखान्याचे धुराडे उंच असते, तर सायलेन्सर रिक्षाची वाट पाहणाऱ्या मुलाच्या नाकाच्या पातळीवर. दुसरा आक्षेप गरीब वाहनचालकांच्या वतीने घेतला जातो. वास्तविक आजचे कर्मकांड सर्वांनाच पैसे मोजायला लावते आणि दोषी कोणालाही ठरवत नाही. डेन्व्हर विद्यापीठाच्या डोनाल्ड स्टेडमन यांनी रस्त्याकडेला अवरक्त किरणांचे यंत्र लावून धावत्या गाड्यांचा धूर मोजला, तेव्हा सुमारे दहा टक्के गाड्यांकडून निम्मा कार्बन मोनॉक्साइड येत असल्याचे आढळले. खरे मोजमाप थोड्यांवर बोट ठेवते. त्या थोड्यांना दुरुस्तीसाठी साहाय्य देणे सरकारला अशक्य नाही.

म्हणून मागण्या तीनच. बीएस-६ डिझेल वाहनांसाठी कणगणना. रस्त्यावर धावत्या वाहनांचे दूरस्थ मापन. आणि प्रमाणपत्र देणाऱ्या केंद्रांची अचानक, स्वतंत्र फेरतपासणी.

भाचीला मी हे सारे सांगितले, तेव्हा ती थोडी हिरमुसली. मग डिकीतून ते प्रमाणपत्र आणून तिने ओळ न ओळ वाचले आणि विचारले, "आत्या, यात धुळीचा आकडा कुठे आहे?" बक्षीस द्यायचे होते ते या प्रश्नाला. परीक्षकांनी तिला तो विचारायला शिकवले असते, तर ते प्रदर्शन खऱ्या अर्थाने विज्ञानाचे ठरले असते.