सासूबाईंचं पोलकं
"सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. सगळं मीच करते, तरी त्या रडतात," असं एका भगिनीने कळवलंय.

ताई, म्हणूनच रडत असतील! थोडं त्यांना करू द्या. पोलकं पुढून उघडणारं, सैल शिवा. लुळा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी. चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून जाड करा, ताटाखाली ओलं फडकं ठेवा. ताट सरकत नाही. भात सांडेल, सांडू दे. ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

हे शिकवतात व्यवसायोपचार तज्ज्ञ. (नावावर जाऊ नका, धंद्याशी संबंध नाही!) मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी १९५० साली याचं शिक्षण सुरू केलं. तुमच्या जवळच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा, आणि जाताना त्यांचं नेहमीचं पोलकं बरोबर न्या.