'फॉर्मॅट मारा' म्हणण्याआधी



शाळेतला किंवा घरचा कॉम्प्युटर अपडेट घेता घेता अडकला, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला : "फॉर्मॅट मारा, सगळं ठीक होते." मग अल्लीपूरहून सीपीयू पिशवीत घालून हिंगणघाटला जातो आणि चकाचक होऊन परत येतो. परत येत नाही ते आतलं सामान. निकालाचे तक्ते, स्नेहसंमेलनाचे फोटो, मुलांनी टाइप केलेल्या गोष्टी. जुन्या मराठी फॉन्टमधल्या फाइल वाचल्याच, तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, कारण फॉन्टही फॉर्मॅटमध्ये गेलेला असतो.

माझं मत स्पष्ट आहे. फॉर्मॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. नळ गळतो म्हणून कोणी घर पाडत नाही.

अपडेट फसण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. म्हणून कॉम्प्युटर सुरू होत असेल तर आधी महत्त्वाच्या फाइल पेन ड्राइव्हवर घ्या आणि मग या क्रमाने चला :

१) पडद्यावरचा संदेश वाचा, त्यातला कोड वहीत जसाच्या तसा उतरवा किंवा मोबाइलने फोटो घ्या. कोडच्या शेवटी ८००७००७० असेल, तर सरळ अर्थ 'डिस्कवर जागा नाही' असा आहे. डाउनलोड फोल्डर आणि रीसायकल बिन रिकामं करा.

२) तारीख-वेळ बघा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि अपडेट होत नाही. तो सेल स्वस्तात मिळतो.

३) इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल, तर सेटिंग्जमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' सुरू आहे का ते पाहा. ते सुरू असलं की विंडोज मोठी अपडेट थांबवून ठेवतं.

४) प्रिंटर, पेन ड्राइव्ह काढून, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा. अपडेट चालू असताना लाइट जाण्याची भीती असेल, तर लॅपटॉप चार्ज करून किंवा यूपीएसवरच बसा.

आता ड्रायव्हर. प्रिंटर, वायफाय, आवाज यांचं विंडोजशी बोलणं करून देणारा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. अपडेटनंतर प्रिंटर मुका झाला तर बिघाड प्रिंटरमध्येच असेल असं नाही, दुभाषी बदललेला असू शकतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा. जिथे पिवळा त्रिकोण दिसेल, तिथे प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय मिळाला तर जुना ड्रायव्हर परत येतो. नाही मिळाला, तर त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच ड्रायव्हर घ्या. 'एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. वायफायच बंद पडलं असेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेथरिंग चालू करा. बहुतेक वेळा इंटरनेट मिळतं आणि काम निभतं.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तरी घाबरू नका. सुरू होण्याचे दोन-तीन प्रयत्न फसले की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. तिथे नुकतीच आलेली अपडेट काढून टाकता येते आणि 'सेफ मोड'मध्येही जाता येतं. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या देशात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल काढणं. फॉर्मॅट नव्हे.

आणि एक गोष्ट. विंडोज १० ची मोफत नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जुन्या प्रोसेसरचे आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेले कॉम्प्युटर विंडोज ११ साठी पात्र ठरत नाहीत. तुमच्याकडे अपडेट नाकारली जात असेल, तर कारण हेही असू शकतं. तो कॉम्प्युटर बिघडलेला नाही, भंगारातही काढू नका. सी-डॅकचं 'बॉस' किंवा दुसरं एखादं लिनक्स आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा, आपला प्रिंटर चालतो का ते तपासा, मग ठरवा.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याचा विचार, म्हणजे 'नई तालीम', गांधीजींनी देशापुढे ठेवला. सूत तुटलं की ते जोडायला शिकणं हा कताईचाच भाग. मग कॉम्प्युटर अडकल्यावर आपण मुलांना "हात लावू नका" म्हणून बाहेर का पाठवतो? कार्यालयाचा कॉम्प्युटर बाजूला ठेवा, त्यावर मुलांची माहिती आणि पासवर्ड असतात. पण लॅबमधला अडकला तर चार मुलांना जवळ बसवा. एकाने संदेश वाचावा, एकाने वहीत लिहावं, एका वेळी एकच बदल करावा आणि काय झालं ते सगळ्यांनी बघावं. विज्ञानातला प्रयोग याहून वेगळा कुठे असतो? पालकहो, घरीही हेच करता येईल.

लॅबमध्ये एक साधी वही टांगून ठेवा : तारीख, कोड, काय केलं, काय झालं. पुढच्या वेळी तोच कोड आला, तर पुढच्या वर्गातली पोरं सीपीयू पिशवीत भरण्याआधी ती वही उघडतील.