मोडलेल्या हाडाचे मोल कोण ठरवणार?

२३ फेब्रुवारी २००८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर बर्मिंगहॅम सिटी आणि आर्सेनल यांचा सामना सुरू होऊन जेमतेम तीन मिनिटे झाली होती. आर्सेनलचा आघाडीचा खेळाडू एदुआर्दो द सिल्वा चेंडू घेऊन पुढे निघाला असता बर्मिंगहॅमचा बचावपटू मार्टिन टेलर याने त्याला अडविण्यासाठी पाय घातला. चेंडू निसटला आणि तो पाय एदुआर्दोच्या डाव्या पायावर आदळला. नडगीशेजारचे हाड मोडले, घोटा सांध्यातून निखळून कातडी फाटली. पंचांनी टेलरला लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. पुढे त्याच्यावर तीन सामन्यांची बंदी आली. हा माणूस पुन्हा कधीही मैदानावर दिसता कामा नये, अशी मागणी आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी सामना संपताच केली आणि त्याच रात्री ती मागे घेतली.

त्यानंतर इंग्लंडच्या वृत्तपत्रांत एकच खटला चालला. टेलर दुष्ट की केवळ अभागी? त्याचा हेतू वाईट होता की त्याला उशीर झाला? एका माणसाच्या अंतःकरणाची झडती घेण्यात सारे पंडित रंगून गेले. मोडलेल्या हाडाचा खर्च कोणी सोसायचा, खेळाडूचा पाय कायमचा गेला तर त्याच्या उरलेल्या आयुष्याची जबाबदारी कोणाची, आणि पहिल्या तीन मिनिटांतच प्रतिस्पर्ध्याला धाक बसविण्याची शिकवण देणारी यंत्रणा कोणाच्या हितासाठी चालते, हे प्रश्न या झडतीत कोणाला सुचले नाहीत.

गिरणीत साच्यात कामगाराचे बोट गेले की मालकाचा माणूस प्रथम विचारतो, निष्काळजीपणा कोणाचा? शेजारच्या कामगाराचा की ज्याचे बोट तुटले त्याचाच? साचा कोणत्या गतीने चालविला जात होता, हे मात्र विचारायचे नसते. फुटबॉलच्या मैदानावर नेमके हेच घडते. त्या मोसमात बर्मिंगहॅमचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या धोक्यात होता आणि मे महिन्यात तो ढकलला गेलाही. खालची श्रेणी म्हणजे दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या कोट्यवधी पौंडांवर पाणी सोडणे. एवढे ओझे शिरावर घेऊन उतरलेला बचावपटू वेगाने पुढून येणाऱ्या खेळाडूला थांबवू शकला नाही, तर त्याची जागा घ्यायला दुसरा राखीव बाकावर बसलेलाच असतो. टेलरने केले ते धोकादायक होते आणि त्याला शिक्षा झाली ती योग्यच. परंतु एका मजुराच्या हातून दुसऱ्या मजुराचा पाय मोडला म्हणून मालक निर्दोष ठरत नाही.

एदुआर्दो सुमारे वर्षभराने, फेब्रुवारी २००९ मध्ये, एफ. ए. चषकाच्या कार्डिफविरुद्धच्या सामन्यात परतला आणि त्याने दोन गोल केले. लगेच वृत्तपत्रांनी दुसरे आख्यान लावले: दुर्दम्य इच्छाशक्तीचे. इच्छाशक्ती नव्हती असे कोण म्हणेल? परंतु त्या वर्षात आणखी काय काय होते, याचीही मोजदाद व्हायला हवी. मैदानावरच तत्परतेने धावून आलेले वैद्यकीय पथक होते, उत्तम शल्यचिकित्सक होते, अखंड व्यायामोपचार होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घर चालविण्याची चिंता न करता हाड जुळण्याची वाट पाहण्याची सवड होती. हाड इच्छाशक्तीने जुळत नाही. ते वेळेने, उपचाराने आणि पोटाला मिळणाऱ्या अन्नाने जुळते. ज्याच्यापाशी या तिन्ही गोष्टी असतात त्याच्या इच्छाशक्तीची कथा लिहिली जाते. ज्याच्यापाशी त्या नसतात त्याचे नावही कोणाला ठाऊक होत नाही.

ही सवड काही मालकांच्या औदार्यातून आलेली नाही. इंग्लंडमधील खेळाडूंची संघटना १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झाली. १९०६ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने असे तत्त्व प्रस्थापित केले होते की, कामावर असताना इजा झाली की दोष कोणाचा याचा काथ्याकूट न करता भरपाई द्यायची. हा कायदा खेळाडूंना लागू नाही, अशी क्लबांची मखलाशी होती. खेळणारा माणूस कामगार कसा? क्रिस्टल पॅलेस क्लबात खेळताना जखमी झालेल्या वॉकर नावाच्या खेळाडूचे प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेले. १९१० च्या निवाडा-ग्रंथांत नोंदलेल्या त्या निकालाने स्पष्ट केले की, वेतन घेऊन, क्लबाची शिस्त आणि आज्ञा पाळून खेळणारा माणूस हा कायद्याच्या अर्थाने कामगारच होय. मालकांना न पटलेले हे साधे सत्य आजही क्रीडापृष्ठांना पटलेले नाही. त्यांच्या लेखी खेळाडू एक तर देव असतो, नाही तर दानव. कामगार तो कधीच नसतो.

कायद्याने कामगार ठरूनही पुढची पन्नास वर्षे खेळाडूचे वेतन कमाल मर्यादेने बांधलेले होते. आठवड्याला २० पौंडांची ती मर्यादा संपाच्या धमकीपुढे १९६१ साली उठली, आणि करार संपल्यावरही खेळाडूला बांधून ठेवण्याच्या पद्धतीला १९६३ च्या ईस्टहॅम खटल्याने हादरा दिला. त्या दोन वर्षांच्या मधोमध, २६ डिसेंबर १९६२ रोजी, संडरलँडच्या रोकर पार्क मैदानावर ब्रायन क्लफ हा सत्तावीस वर्षांचा खेळाडू बरी संघाच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत कोसळला. हा नाटक करतो आहे, असे बरीचा एक खेळाडू पंचांना सांगत होता, ही आठवण क्लफ यांनी आयुष्यभर उगाळली. उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले होते. दीड वर्षाहून अधिक काळ त्यांनी परतण्यासाठी धडपड केली, १९६४ मध्ये वरच्या श्रेणीतले तीन सामने खेळून एक गोलही केला, आणि तेथेच सारे संपले. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल करणारा हा खेळाडू एकोणतिसाव्या वर्षी निकामी ठरला. इच्छाशक्तीची वाण क्लफ यांना होती, असे त्यांचे शत्रूही म्हणणार नाहीत. तुटलेला गुडघा दुरुस्त करण्याची विद्याच तेव्हा अपुरी होती. क्लबाने मात्र विम्याची रक्कम पदरात पाडून घेतली. यंत्र मोडले, यंत्राच्या मालकाला भरपाई मिळाली. यंत्राने पुढे काय खावे, हा यंत्राचा प्रश्न!

क्लफ पुढे प्रशिक्षक झाले आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टसारख्या मध्यम संघाला त्यांनी १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपीय चषक जिंकून दिला, हे जगाला ठाऊक आहे. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात ते उघडपणे संपकऱ्यांच्या बाजूला उभे राहिले, हे क्रीडापृष्ठांना सांगावेसे वाटत नाही. कामावर शरीर मोडणे म्हणजे काय, हे खाणकामगाराइतकेच त्यांनाही अनुभवाने कळलेले होते.

विमा मालकाच्याच खिशात जाण्याची रीत आजही गेलेली नाही. २०१२ पासून जागतिक फुटबॉल महासंघ, म्हणजे फिफा, एक संरक्षण योजना चालविते. राष्ट्रीय संघासाठी खेळताना खेळाडू दीर्घकाळ जायबंदी झाला, तर त्याच्या क्लबाला वेतनापोटी ७५ लाख युरोपर्यंत भरपाई मिळू शकते. क्लब पगार देत राहतो म्हणून त्याला ती मिळते, हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु उपचारांचा खर्च आणि कायमचे अपंगत्व या योजनेत धरलेले नाही. मालमत्तेचा विमा उतरला; माणसाचा उतरायचा राहिला.

मग खेळाडूने न्यायालयात जावे, असे शहाजोगपणे सांगितले जाते. तो मार्गही तपासावा. १९८५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने एका स्थानिक लीगमधील हौशी खेळाडूचा पाय मोडणाऱ्यास दोषी ठरविले आणि खेळाडूंचीही एकमेकांप्रती काळजी घेण्याची जबाबदारी असते, हे तत्त्व मान्य केले. भरपाई होती ४,९०० पौंड. लिव्हरपूलविरुद्ध १९९२ साली गुडघा गमावलेला चेल्सीचा कर्णधार पॉल एलियट १९९४ मध्ये खटला हरला, कारण प्रतिस्पर्ध्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही. त्याचा गुडघा मात्र सिद्ध झाल्याइतकाच तुटलेला होता. १९९७ साली पाय मोडलेल्या ब्रॅडफर्डच्या गॉर्डन वॉटसन याला १९९९ मध्ये नऊ लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. आणि २००३ साली मँचेस्टर युनायटेडच्या राखीव संघाकडून खेळताना अठराव्या वर्षी ज्याच्या पायाची दोन्ही हाडे मोडली, त्या बेन कॉलेट याला २००८ मध्ये ४३ लाख पौंड मंजूर झाले. तो परत खेळू लागला होता. न्यूझीलंड आणि हॉलंडमध्ये त्याने नशीब अजमावले. पण पूर्वीचा पाय परत आला नाही आणि त्याने विद्यापीठाची वाट धरली.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नडगीचे हाड सर्वांचे सारखेच असते आणि मोडताना होणारी वेदनाही सारखीच. तरी एका पायाचे मोल ४,९०० पौंड, दुसऱ्याचे ४३ लाख, आणि तिसऱ्याचे शून्य. कॉलेटला मिळाले ते अधिक होते, असे नव्हे. त्याचे सारे आयुष्यच हिरावले गेले होते. परंतु न्यायालय ज्या फूटपट्टीने मोजते ती बाजाराची फूटपट्टी आहे. तुम्ही किती कमावला असता, यावर तुमच्या दुःखाची किंमत ठरते; आणि मोठा प्रशिक्षक तुमच्या उज्ज्वल भविष्याची साक्ष द्यायला उभा राहिला, जशी अॅलेक्स फर्ग्युसन यांनी कॉलेटसाठी दिली, तरच ती किंमत वर चढते. ज्याची साक्ष द्यायला कोणी नाही त्याने काय करावे? शिवाय दोष सिद्ध करण्याची अट घालून हा मार्ग जखमी मजुराला दुसऱ्या मजुराविरुद्ध उभा करतो. दोष न पाहता भरपाई, हे १९०६ चे तत्त्व शंभर वर्षांनंतरही या खटल्यांहून पुरोगामीच ठरते.

यावर कोणी कार्यकर्ता विचारील की, आठवड्याला लाखो पौंड घेणाऱ्यांसाठी समाजवाद्यांनी अश्रू का ढाळावेत? प्रश्न रास्त आहे, पण तो शिखराकडे पाहून विचारलेला आहे. शिखरावर मूठभर असतात. त्यांच्या खाली खालच्या श्रेणीतले, एकेका वर्षाच्या करारावरचे, आणि क्लबांनी लहानपणी उचलून अठराव्या वर्षी सोडून दिलेले असंख्य खेळाडू असतात. झगमगते शिखर दाखवून पायथ्याचा अंधार लपविणे, ही भांडवलशाहीची जुनीच हातचलाखी आहे.

भारतात तर पायथाच अधिक आहे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर एके काळी मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा यांचे, तसेच बँकांचे आणि रेल्वेचे संघ खेळत. त्या व्यवस्थेत मालकाची जाहिरात होतीच; पण बँकेच्या वा रेल्वेच्या हजेरीपटावर नाव असलेल्या खेळाडूचा गुडघा गेला तरी नोकरी राहत असे. व्यावसायिक फुटबॉलने पगार वाढविले आणि हा आधार काढून घेतला. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या व्यापारी हक्कांचा तिढा पडताच काही क्लबांनी धडधाकट खेळाडूंचेच पगार थांबविले. तेथे जायबंदी खेळाडूची दाद कोण घेणार?

५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर आपला दुसरा गोल करताना मोहन बागानच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत कोसळला आणि मरण पावला. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवर कडाडून टीका झाली. शिक्षा झाली ती गोलरक्षकाला: दोन महिन्यांचे निलंबन. बर्मिंगहॅमच्या सुमारे तीन वर्षे आधी भारतीय महासंघाने तोच धडा गिरवून दाखविला होता, की जबाबदारी नेहमी खाली ढकलायची.

म्हणून खेळाडूंच्या संघटनांनी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या कामगार चळवळीने चार मागण्या निःसंदिग्धपणे मांडल्या पाहिजेत. मैदानावरची दुखापत ही कामावरची इजा मानून दोष न शोधता भरपाई द्यावी. करार संपला तरी पूर्ण बरे होईपर्यंत उपचार आणि वेतन चालू राहावे. पुनरागमन अशक्य ठरल्यास शिक्षणाचा आणि नव्या रोजगाराचा खर्च लीगच्या उत्पन्नातून द्यावा. आणि वैद्यकीय पथकाशिवाय, मग तो जिल्हा स्तरावरचा सामना का असेना, खेळ सुरू करू नये. यांपैकी एकही मागणी क्रांतिकारक नाही; कापडगिरणीच्या कामगाराने याहून कठीण मागण्या लढून मिळविल्या आहेत.

पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूचा पाय मोडेल तेव्हा वृत्तपत्रे पुन्हा खलनायक शोधतील आणि वर्षभराने पुन्हा इच्छाशक्तीचे पोवाडे गातील. त्या गदारोळात कार्यकर्त्यांनी एकच प्रश्न लावून धरावा: पाय ज्याचा मोडला त्याचा संसार आज कोणाच्या पैशावर चालला आहे? या प्रश्नाचे उत्तर दानधर्मावर न सोडता कायद्यात लिहिले जाईल, त्याच दिवशी खेळ खऱ्या अर्थाने निकोप होईल.