जुन्या मोटारीस नवें इंजेक्शन : इष्ट कीं अनिष्ट?

जुन्या वस्तूंविषयीं बोलतांना मनुष्य बहुधा दोन टोंकांपैकीं एक गांठतो. एक म्हणतो, "जुनें तें सोनें, त्यास हात लावूं नका." दुसरा म्हणतो, "काळाबरोबर चाला; जुनें टाका, नवें घ्या." हीं दोन्ही मतें उच्चारण्यास सोपीं आहेत, कारण त्यांपैकीं कोणतेंही उच्चारतांना त्या वस्तूकडे नीट पाहण्याचे श्रम पडत नाहींत. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं एका मोटारीच्या निमित्तानें हाच वाद उपस्थित झाला, आणि निवाडा करण्याचें काम मजवर येऊन पडलें. तो निवाडा विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कांहीं अंशीं उपयोगी पडेल अशा समजुतीनें येथें सादर करीत आहें.

मोटार १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. इटलींतील फिआट कंपनीच्या ११०० या गाडीच्या नमुन्यावरून, वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत ही गाडी बनत असे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला न ओळखणारा मनुष्य आपल्याकडे विरळा. तिचें उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिच्या शेवटच्या टॅक्सीनेंही मुंबईचा निरोप घेतला. आमची गाडी मात्र तीर्थरूपांनीं जिवापाड जपली आहे. त्यांचें वय आज ब्याऐंशी वर्षांचें आहे. तरी रविवारीं सकाळीं ती बाहेर काढून एक फेरी मारून येण्याचा त्यांचा नेम सुटलेला नाहीं.

अशी ही गाडी गेल्या डिसेंबरांत रुसली. सकाळीं सुरू होईना. झालीच तर चौकांत उभी असतां बंद पडे. आणि पेट्रोलचा वास थेट माजघरापर्यंत येई. माझा पुतण्या यंत्रशास्त्राचा विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "आजोबा, हा कार्बोरेटर आतां काढून टाकूं या. त्याच्या जागीं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवूं. किल्ली फिरवतांच गाडी सुरू होईल." तीर्थरूप म्हणाले, "बाळ, उद्यां माझा गुडघा दुखला, तर तूं माझा पायच बदलशील!" दोघेही हंसले, पण दोघांच्याही मनांत आपापली बाजू पक्की होती.

निवाडा करावयाचा तर आधीं दोन्ही पक्ष समजून घेतले पाहिजेत. इंजिनास केवळ पेट्रोल देऊन भागत नाहीं. तें हवेंत योग्य प्रमाणांत मिसळावें लागतें. शुद्ध पेट्रोल पूर्णपणें जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. हें मिश्रण करण्याचें काम कार्बोरेटर करतो. त्याची हवेची नळी मध्यें अरुंद केलेली असते. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो, वेग वाढला कीं तेथील दाब उतरतो, आणि दाब उतरला कीं शेजारच्या लहानशा टांकींतील पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून आपोआप वर ओढलें जाऊन हवेंत मिसळतें. यांत वीज नाहीं, गणित करणारें यंत्र नाहीं. निसर्गाचा एक नियम आणि पितळेचें एक छिद्र, एवढ्यावर सारें काम चालतें. हें साधन सोपें असल्यानें त्याची दुरुस्तीही सोपी. १८८८ सालीं बर्था बेंझ या बाईंनीं पतीनें बनविलेली मोटार जर्मनींत मॅनहाइमपासून फोर्झहाइमपर्यंत नेली. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां त्यांनीं टोपीची टांचणी काढून ती मोकळी केली. अशी दुरुस्ती आजच्या मोटारींत साधणें कठीण.

परंतु याच सोपेपणांत कार्बोरेटरचा दोषही आहे. जेटचें छिद्र एकदां ठरवून दिलें कीं तें बदलत नाहीं. तीच गाडी घेऊन आपण महाबळेश्वरास गेलों, तर सुमारें १,३५० मीटर उंचीवर हवा विरळ होते. छिद्र मात्र तेवढेंच राहतें, आणि पेट्रोल गरजेपेक्षां अधिक पडूं लागतें. थंडींत चोक ओढावा लागतो, आणि तो परत ढकलण्यास विसरलें तर काळा धूर निघतो. कार्बोरेटर आपलें काम प्रामाणिकपणें करतो. पण केलेल्या कामाचा परिणाम काय झाला हें त्यास कधींच कळत नाहीं.

इंजेक्शनची रीति निराळी आहे. त्यांत विजेचा पंप पेट्रोल दाबून धरतो; इंजेक्टर नांवाची सूक्ष्म झडप तें क्षणभर उघडून फवारते; आणि ती किती वेळ उघडावी हें एक लहानसें गणकयंत्र हवेचा दाब, उष्णता व इंजिनाचा वेग पाहून ठरवितें. याहूनही महत्त्वाची गोष्ट ही कीं, धुराच्या नळींत बसविलेला एक संवेदक बाहेर पडणाऱ्या वायूंत प्राणवायु किती उरला आहे हें सांगत असतो. तो अधिक उरला असेल तर पेट्रोल वाढवावें, कमी उरला असेल तर घटवावें, अशी दुरुस्ती यंत्र क्षणोक्षणीं स्वतःच करतें. हा संवेदक प्रथम १९७६ सालीं व्होल्व्हो कंपनीच्या गाड्यांत आला. धूर शुद्ध करणाऱ्या साधनास मिश्रणाचें प्रमाण अचूक लागतें. म्हणून जसजसे धुराचे नियम कडक झाले, तसतसा नव्या गाड्यांतून कार्बोरेटर मागें पडत गेला. भारतांत १ एप्रिल २०२० पासून सहाव्या श्रेणीचे नियम लागूं झाले, तेव्हां नव्या मोटारसायकलींतूनही तो बहुतेक नाहींसा झाला.

यावरून पुतण्याचाच पक्ष खरा असें वाटेल. आणि त्याच्या बाजूस आणखी एक बळकट मुद्दा आहे. आपण पंपावर आज जें पेट्रोल भरतों, तें १९७८ सालचें पेट्रोल नव्हे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल टप्प्याटप्प्यानें विक्रीस आलें, आणि २०२५ पर्यंत तें देशभर पसरलें. इथेनॉलच्या अंगीं स्वतःचा प्राणवायु असल्यामुळें त्यास जळण्यास हवा कमी लागते. शुद्ध इथेनॉलास अवघी नऊ पट. म्हणून जुन्या जेटमधून हें नवें पेट्रोल जाऊं लागलें कीं मिश्रण पातळ पडतें. इंजिन अडखळतें व अधिक तापतें. संवेदक असलेलें इंजेक्शन हा फरक बऱ्याच अंशीं आपोआप भरून काढतें. कार्बोरेटर बिचारा जुन्याच हिशोबानें वाटप करीत राहतो.

मग बदल करावयास हरकत कोणती? पहिली हरकत अशी कीं, नवें तें नवें म्हणून लगेच पक्कें होत नाहीं. १९५८ सालीं अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीनें बेंडिक्स कंपनीचें इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आपल्या कांहीं थोड्या गाड्यांस बसविलें. कल्पना उत्तम होती. परंतु त्या काळचे विजेचे सुटे भाग उष्णता व धक्के सोसण्याइतके पक्के नव्हते. परिणामीं त्यांतील बहुतेक गाड्यांस कार्बोरेटर पुन्हां बसवावा लागला. तीच कल्पना पुढें जर्मनींत बॉश कंपनीनें सुधारली, आणि १९६७ सालीं फोक्सवॅगनच्या गाडींत ती यशस्वी झाली. त्याच फोक्सवॅगनची बीटल ही मूळची कार्बोरेटरवाली गाडी. तिच्या मेक्सिकोंतील कारखान्यानें १९९३ पासून तिला इंजेक्शन दिलें, आणि २००३ सालच्या जुलैंत शेवटची बीटल निघेपर्यंत तें चालूं ठेविलें. म्हणजे जुन्या इंजिनास नवी रीति मानवत नाहीं असें नाहीं. पण ती पूर्ण तयारीनिशीं आणावी लागते.

ही तयारी म्हणजे काय, हें तरुणांनीं लक्षांत घ्यावें. कार्बोरेटरास पेट्रोल अगदीं हलक्या दाबानें लागतें. इंजेक्शनास त्याच्या दसपट किंवा अधिक. जुनी रबरी नळी तशीच ठेवून तींत एवढा दाब सोडणें म्हणजे तापल्या इंजिनावर पेट्रोलची पिचकारी धरण्यासारखें आहे. नळ्या, पट्टे, फिल्टर, सारें बदलावें लागतें. इंजिन थांबतांच पंपही थांबेल अशी योजना करावी लागते. नाहींतर अपघातांत गाडी उलटली तरी पंप पेट्रोल ओततच राहील. वीज अखंड व स्थिर मिळाली पाहिजे. जो हें सर्व न करतां केवळ नवा भाग बसवून देतों म्हणतो, त्याच्या हातीं गाडी देऊं नये.

दुसरी हरकत कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रकांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यावर निर्बंध आहे. म्हणून आधीं परिवहन कार्यालयांत विचारणा करावी. शिवाय २०२१ सालच्या नियमांप्रमाणें, पन्नास वर्षांहून जुनें वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असेल आणि त्याच्या सांगाड्यांत, कायेंत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसेल, तर त्यास ऐतिहासिक वाहन म्हणून वेगळी नोंदणी मिळूं शकते. आमच्या गाडीस २०२८ सालीं पन्नास वर्षें पुरीं होतील. आज अविचारानें केलेला बदल तो मान उद्यां घालवूं शकेल.

तिसरी हरकत मला सर्वांत मोठी वाटते. आपण ज्यास दोष देतों, तो खरोखरच दोषी आहे काय? मीं पुतण्यास एकच अट घातली : "कार्बोरेटर काढावयाचा तर काढ, पण आधीं तो स्वतःच्या हातानें उघडून, स्वच्छ करून, पुन्हां लावून दाखीव." त्यानें ती मान्य केली. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मेस्त्रींस बोलाविलें. ते त्याच्याजवळ दोन दिवस बसले. हात मात्र त्यांनीं लावला नाहीं, केवळ बोट दाखविलें. काय आढळलें? टांकीपासून येणारी रबरी नळी आंतून फुगून गळूं लागली होती, आणि तिचे बारीक कण जेटमध्यें जाऊन बसले होते. कार्बोरेटरच्या बुडाखालचें पॅकिंग झिजलें होतें. तेथून चोरवाटेनें हवा आंत शिरत होती. कार्बोरेटर स्वतः निर्दोष होता. शिक्षा निरपराध्यास होणार होती, आणि खरा अपराधी, ती जुनी नळी, नव्या यंत्राच्या दाबाखालीं घरास आग लावण्यास मोकळी राहिली असती!

नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या, पॅकिंग बदललें, आणि मेस्त्रींच्या सल्ल्यानें किंचित् मोठ्या छिद्राचें जेट बसविलें. गाडी पुन्हां चालूं लागली. त्या सायंकाळीं पुतण्या तीर्थरूपांस म्हणाला, "आजोबा, या यंत्रास मी जुनाट म्हणत होतों, तें इतकें हुशार असेल असें वाटलें नव्हतें." तीर्थरूपांनींही मन मोठें करून म्हटलें, "आणि मला तुझी गाडी रोज कचेरीस न्यावी लागली असती, तर मीं तुझेंच ऐकलें असतें."

माझा निवाडा या दोन वाक्यांतच आला. जी जुनी गाडी रोजच्या कामास लावावयाची आहे, जिच्यासारख्या अनेक शिल्लक आहेत, तिला योग्य परवानगीनें व पुऱ्या तयारीनें इंजेक्शन बसवावें. त्यांत पाप नाहीं, उलट इंधनाची बचत व धुराची घट आहे. परंतु मूळचे भाग फेंकूं नयेत, आणि जेथें छिद्र पाडल्यावांचून काम होईल तेथें छिद्र पाडूं नये. म्हणजे पुढील पिढीस वाटल्यास मागें फिरतां येईल. उलट, जी गाडी आपल्या काळाची साक्षीदार म्हणून मूळ स्वरूपांत उरली आहे, आणि आठवड्यांतून एकदां फिरण्यापुरतीच बाहेर पडते, तिची साक्ष बदलूं नये. आणि दोन्ही बाबतींत, ज्यास कार्बोरेटर कां चालतो हें ठाऊक नाहीं, त्यानें तो काढण्याची घाई करूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, या दोन यंत्रांपासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कार्बोरेटरापासून साधेपणा घ्या : थोड्या साधनांत, निसर्गाचा नियम ओळखून, पुष्कळ काम कसें करावें तें. इंजेक्शनापासून स्वपरीक्षण घ्या : केलेल्या कामाचा परिणाम तपासून पुढचें काम सुधारण्याची संवय. आणि पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, घरांत एखादें जुनें यंत्र बिघडलें, तर तें टाकण्यापूर्वीं किंवा बदलण्यापूर्वीं एकदां मुलांच्या हातीं उघडण्यास द्यावें, आणि जवळ एखादा जाणता मनुष्य बसवावा. यंत्र कदाचित् दुरुस्त होईल, कदाचित् होणार नाहीं. पण मूल शिकल्यावांचून राहणार नाहीं.