काळ्या हिरड्या आणि दुर्लक्षित पांढरा चट्टा

लग्नसराई जवळ आली की वडवणी परिसरातल्या तरुण मुलींकडून एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, हिरड्या गुलाबी करता येतील का?" मध्यंतरी अशीच एक मुलगी आईला घेऊन आली. पाहुणे बघायला येणार होते आणि तिला हसायचीच लाज वाटत होती. तपासले तर हिरड्या घट्ट, सूज नाही, रक्त येत नाही. फक्त रंग काळसर. म्हणजे आजार काहीच नव्हता.

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हिरड्यांतही असते. त्यामुळे लहानपणापासून दोन्ही बाजूंना सारख्याच काळसर असलेल्या हिरड्या आपल्याकडे अगदी स्वाभाविक आहेत. त्यांना उपचार लागत नाही. मात्र रंग अलीकडेच बदलला असेल किंवा एकाच जागी डाग वाढत असेल, तर कारण शोधावे. बिडी-सिगारेटने हिरड्या काळवंडतात. व्यसन सोडल्यावर काही महिन्यांत किंवा वर्षांत त्या बऱ्याचदा उजळतात. मिनोसायक्लीन, क्लोरोक्वीन अशा औषधांच्या दीर्घ वापरानेही रंग बदलू शकतो. तोंडात नवे काळे डाग आणि सोबत थकवा, घटते वजन, कमी रक्तदाब असेल, तर अॅडिसन या ग्रंथींच्या आजाराची तपासणी हवी.

ज्यांना केवळ दिसण्यासाठी उपचार हवा आहे, त्यांच्यासाठी मार्ग आहेत. जागा बधिर करून हिरडीचा वरचा रंगीत थर ब्लेडने किंवा फिरत्या यंत्राने खरवडतात, लेसरने काढतात किंवा अतिथंड द्रव नायट्रोजनने गोठवतात. जखम साधारण एक-दोन आठवड्यांत भरते. शस्त्रक्रियेविना हिरडीत जीवनसत्त्व क ची इंजेक्शने देण्याची पद्धतही आहे, पण तिचे पुरावे अजून मर्यादित आहेत. कोणत्याही उपचारानंतर रंग परत येऊ शकतो. पातळ हिरडी जास्त खरवडली, तर ती खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडते. हे सगळे समजून, स्वतःच्या हौसेने कोणी उपचार घेत असेल तर माझी हरकत नाही. पण पाहुण्यांच्या पसंतीसाठी उसनवारी करून हिरड्या खरवडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी मुलीला हे समजावून सांगितले आणि मग आईलाही तोंड उघडायला लावले. ती वर्षानुवर्षे मिश्री लावणारी. खालच्या ओठाच्या आत, मिश्री ठेवण्याच्या जागी, पांढरा जाड चट्टा होता. "दुखत नाही, म्हणून दाखवलं नाही," ती म्हणाली. मी तिला तुकडा तपासणीसाठी पाठवले. सुदैवाने कर्करोग निघाला नाही.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू. तिला दंतमंजन समजणे ही आपली मोठी चूक आहे. ती हिरड्यांचे नुकसान करते आणि तिच्यामुळे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. सुरुवातीचा चट्टा दुखत नाही, तिथेच माणूस फसतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंडात उभी तीन बोटे न मावणे, यांपैकी काहीही असेल तर दवाखाना गाठा.

आपल्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. पुढचे पाच-सहा महिने फडावर तोंड कोण तपासणार? म्हणून गाड्या निघण्याआधी गावोगावी बायाबापड्यांची तोंडे तपासली गेली पाहिजेत. त्यासाठी उजेड, हातमोजे आणि दोन मिनिटे पुरतात.

मुलींनो, आरशात स्वतःच्या हिरड्या बघून झाल्या असतील, तर आज आईलाही तोंड उघडायला सांगा.