पहाटेचा गळा

पहाटे उठून उंच पट्टींत गळा ताणणें हीच स्वरसाधना, अशी पुष्कळांची समजूत आहे. आम्हांस ती घातक वाटते. रात्रभर आडवें पडल्यानें स्वरतंतूंवर किंचित् सूज येते, कफही सांचतो. म्हणून सकाळचा आवाज जड असतो. त्यास मोकळें होण्यास अवधि हवा. जुने गवई पहाटे खर्ज साधीत, त्यांत शहाणपण होतें. जोरानें खांकरण्यापेक्षां घोटभर कोमट पाणी बरें. खडीसाखर व ज्येष्ठमध घशास सुखवितात खरे. पण गिळलेला पदार्थ स्वरतंतूंना शिवतच नाहीं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यांत दिवसभर पाणी पिणें हेंच खरें औषध.

वयांत येणाऱ्या मुलांचा गळा तर दिवसभरच असा जड असतो. किर्लोस्कर नाटक मंडळींत गाणारे भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा आवाज याच वयांत फुटला. पुढें ते बडोद्यास फैजमहंमदखाँ यांच्याकडे शिकले व बालगंधर्वांचे गुरु झाले. तेव्हां पालकहो, अशा मुलास हंसूं नका. संमेलनांत त्यास गावयाचें असेल, तर पेटीवर त्याची नवी, खालची पट्टी शोधून द्या.